बिल्बाओ ते ओविएदो: हायवे सोडायचा कुठं?

गुगल मॅपमध्ये वर उत्तर स्पेनमधलं बिल्बाओ आणि खाली ओविएदो टाकलं की २८० किलोमीटरच्या आसपास आकडा येतो आणि वेळ येतो साधारण तीन तास. सोलापूर-पुणे २५०, म्हणजे त्याहून थोडंच जास्त. ए-८ नावाचा हायवे आहे, समुद्राच्या कडेकडेनं जातो, या सगळ्या पट्ट्यात टोल नाही, सरळ १२० नं जायचं आणि दुपारच्या जेवणाला ओविएदोत. आणि आमचं घरात सध्या उलटंच काम चालूय, हा तीन तासांचा रस्ता जितका लांबवता येईल तितका लांबवायचा. म्हणून ही पोस्ट. कारण स्पेन म्हटलं की जो तो माद्रिद-बार्सिलोना-सेव्हिया सांगतो, उत्तरेबद्दल मराठीत मला फारसं काही सापडलं नाही, आणि जे इंग्रजीत सापडतं ते एकटे-दुकटे फिरणाऱ्यांसाठी असतं, आई-बाबा, नवरा आणि आठ वर्षांची लेक घेऊन निघालेल्या माणसासाठी नाही.

धाकटी बहीण बिल्बाओत शिकायला आहे म्हणून सुरुवात तिथून, हे ठरलेलंच होतं. ती म्हणाली ताई तू मे अखेर ये, शाळेला सुट्टी पण आहे आणि गर्दी पण नाही. सोलापुरातला मे तुम्हाला सांगायला नको, दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पारा ४२ च्या पुढं, आणि त्याच वेळी तिकडं २० च्या घरात, वर पाऊस. हो, पाऊस. उत्तर स्पेनला हिरवा स्पेन म्हणतात ते उगाच नाही, अटलांटिकवरनं ढग येतात, समुद्रापासून थोड्याच अंतरावर डोंगराची भिंत उभी आहे तिला अडतात आणि तिथंच रिकामे होतात. भिंतीच्या पलीकडं, दक्षिणेला लेओन प्रांताच्या बाजूला गेलं की कोरडं. आपल्याकडं महाबळेश्वरला ढग अडतात आणि सोलापूर कोरडं राहतं, तोच सगळा हिशोब, हे आमच्या लेकीला नकाशावर बोट ठेवून दाखवलं तर तिला लगेच कळलं.

तर समुद्र आणि अडीच हजार मीटरचे डोंगर एकमेकांच्या इतक्या जवळ, की किनाऱ्यावर उभं राहून बर्फ दिसतं, यासाठी हा रस्ता निवडलाय. डोंगरांचं नाव पिकोस दे एउरोपा. सगळ्यात उंच शिखर तोर्रे दे सेर्रेदो, साधारण २६५० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त आणि समुद्रापासून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरवर.

आता बाबांबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण या प्लॅनिंगचे खरे मालक तेच झालेत. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सोलापूर डेपो, सगळी नोकरी रस्त्यावर गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी नकाशा हातात घेतलेला मी पहिल्यांदाच बघतेय. मी पहिला प्लॅन केला होता तो किलोमीटरवर केला होता, रोज इतके इतके. बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "किलोमीटर कशाला मोजतीस, तास मोज. घाटात चाळीस किलोमीटरला पण दीड तास लागतोय, आणि मधे आईला दोनदा उतरावं लागंल." तेव्हापासून आमचा नियम असा की गाडी चालवायची दिवसाला जास्तीत जास्त तीन तास, आणि ज्या दिवशी घाट आहे त्या दिवशी दुसरं काहीच नाही. हा नियम लावल्यावर प्लॅनमधली निम्मी ठिकाणं आपोआप गळाली आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

बिल्बाओत गाडी घ्यायचीच नाही, असं ठरवलंय. शहरात मेट्रो आहे, ट्राम आहे, पार्किंगला निळ्या पट्ट्या आणि मशिनची भानगड, त्यात उलट्या बाजूनं चालवायची सवय पहिल्याच दिवशी शहरात करायची गरज नाही. गुगेनहाइम म्युझियम तर बघणारच, १९९७ मध्ये उघडलं, फ्रँक गेरीचं डिझाइन, टायटॅनियमचे पत्रे. पण बाबांना जास्त उत्सुकता आहे ती बिस्काया पुलाची. १८९३ चा पूल, नेर्वियोन नदीच्या मुखाशी, आणि त्यावरून गाड्या जातच नाहीत! वर उंच लोखंडी सांगाडा, आणि त्याला तारांनी टांगलेला एक मोठा पाळणा, त्यात गाड्या आणि माणसं घालून या काठावरून त्या काठावर नेतात, म्हणजे खालून जहाजं जायला रस्ता मोकळा. अजून चालू आहे, युनेस्कोच्या यादीत पण आहे. बाबा तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतात आणि दरवेळी गाडी पाळण्यात चढवणाऱ्या माणसाकडंच बघतात.

मग गाडी घेऊन निघायचं आणि पहिला मुक्काम सान्तान्देर शहर ओलांडून सान्तियाना देल मारला. बिल्बाओपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, सगळा हायवे, हात बसायला उत्तम. सान्तियाना जुनं दगडी गाव आहे, आत बाहेरच्यांच्या गाड्या नेता येत नाहीत, रस्ते गोट्यांचे, त्यामुळं आईच्या गुडघ्याचा विचार करून राहायचं ठिकाण गावाच्या तोंडाशीच बघतोय. पण इथं थांबायचं खरं कारण म्हणजे आल्तामिराची गुहा.

आल्तामिराची गोष्ट लेकीला सांगितली तेव्हापासून ती ट्रिपमध्ये मनापासून आली. १८७९ साली मार्सेलिनो सान्स दे साउतुओला नावाचा गृहस्थ या गुहेत जमीन उकरून जुनी हत्यारं शोधत होता, आणि त्याच्याबरोबर त्याची आठ वर्षांची मुलगी मारिया होती. बाप खाली बघत होता, मुलीनं वर बघितलं, छतावर लाल आणि काळ्या रंगात गवे काढलेले. बाबा बैल बघा, असं ती ओरडली म्हणतात. बापानं छापून जाहीर केलं की ही आदिमानवाची चित्रं आहेत, तर त्या वेळच्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्याला खोटं ठरवलं, आदिमानवाला इतकं सुंदर कसं जमेल, कुणाकडून तरी रंगवून घेतलं असणार असं म्हणाले. तो १८८८ मध्ये वारला. १९०२ मध्ये त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांपैकी एमिल कार्तेलाक या फ्रेंच अभ्यासकानं जाहीर लेख लिहून चूक कबूल केली. तेव्हा बाप नव्हता, मुलगी होती. माझी लेक म्हणाली मग मारियाला कुणी सॉरी म्हटलं का? मी याचं उत्तर शोधतेय.

खरी गुहा सगळ्यांसाठी उघडी नाही, माणसांच्या श्वासानं आणि उबेनं रंग खराब होतात म्हणून. शेजारी म्युझियम आहे, त्यात २००१ पासून गुहेची हुबेहूब प्रतिकृती आहे, ती बघायची. मला आधी वाटलं होतं नक्कल बघायला कशाला जायचं, पण वाचल्यावर कळलं की छताचे उंचवटे सुद्धा तसेच केलेत, आणि त्या चित्रकारांची करामत तीच होती की दगडाला जिथं फुगवटा आहे तिथं गव्याचं पोट काढायचं म्हणजे तो अंगानं भरलेला दिसतो. ते सपाट फोटोत कळत नाही. सोमवारी म्युझियम बंद असतं, हे लक्षात ठेवूनच तारखा लावल्यात.

पुढं कोमियास, तिथं बार्सिलोनातल्या इमारतींमुळं प्रसिद्ध असलेल्या गाउदी या आर्किटेक्टचा एल काप्रिचो नावाचा बंगला, १८८३ ते ८५ मधला, भिंतीभर सूर्यफुलाच्या टाइल्स. बार्सिलोना सोडल्याची हळहळ वाटणाऱ्या नवऱ्यासाठी हा थांबा. त्याच्यापुढं सान व्हिसेन्ते दे ला बार्केरा, खाडीवर कमानींचा जुना लांब पूल, आणि आभाळ स्वच्छ असलं तर पाण्यामागं पिकोसची बर्फाची रांग. इथं एक चहा. (चहा आपलाच, थर्मासमधला.)

आणि मग उन्केरा. शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. इथं ए-८ सोडायचा.

बहुतेक लोक इथून हायवेनंच पुढं यानेस, रिबादेसेया करत जातात, समुद्र बघत. तो पण चांगला रस्ता आहे, यानेसच्या आसपासचे बीच म्हणजे गुळगुळीत हिरव्या गवताच्या खाली एकदम कडा आणि खाली वाळू, गुल्पियुरी नावाचा तर एक बीच चक्क शेताच्या मध्ये आहे, समुद्राचं पाणी खडकाखालून येतं. बहिणीचं म्हणणं तेच करा. पण समुद्र आम्ही अलिबाग-गणपतीपुळ्याला बघितलाय, बघू, आणि परवडतो. नदीनं कापलेल्या चुनखडीच्या भिंतींमधून जाणारा रस्ता आपल्याकडं नाही, आपल्या सह्याद्रीचा दगड वेगळा, तो असा फाटत नाही. म्हणून आम्ही डावीकडं वळणार.

उन्केराहून एन-६२१ धरायचा, पानेस गाव लागतं, आणि तिथून देस्फिलादेरो दे ला एर्मिदा सुरू होतो. २० किलोमीटरच्या वर लांबीची घळ, देवा नावाची नदी (हो, देवाच), आणि तिच्या शेजारी कसाबसा बसवलेला दोन पदरी रस्ता. दोन्ही बाजूंच्या भिंती काही ठिकाणी ६०० मीटरपर्यंत. हा सगळा रस्ता बाबांनी आणि मी फोनवर स्ट्रीट व्ह्यूमध्ये पुढं पुढं सरकवत बघितलाय, संध्याकाळी जेवणं झाल्यावर, रोज थोडा थोडा. बाबा मधेच थांबवायचे. "मागं घे. हितं बस आली समोरून तर आपण कुठं घ्यायची?" मग आम्ही थांबायची जागा शोधायचो, सापडली की पुढं. एका ठिकाणी दगड रस्त्यावर झुकलाय, तिथं त्यांनी स्क्रीनशॉट काढायला लावला. घाटाच्या बाबतीत त्यांचा एकच मंत्र, ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. त्यावरून आमचा मोठा वाद पण झाला, कारण मी ऑटोमॅटिक गाडी घ्यायची म्हणत होते. तिकडं गाडी उजवीकडून चालते, स्टिअरिंग डावीकडं, गिअर उजव्या हाताला, एवढं सगळं उलटं असताना क्लच-गिअर तरी डोक्यातून काढून टाकू. ऑटोमॅटिक तिथं कमी मिळतात आणि महाग पडतात, पण मी ठाम राहिले. शेवटी ऑटोमॅटिकमध्ये पण उतारावर गिअर हातानं खाली घेता येतो हे त्यांना आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत बसून विजापूर रोडला दाखवलं, तेव्हा हो म्हणाले.

घळ संपली की दरी एकदम उघडते आणि पोतेस लागतं. लाकडी सज्ज्यांची घरं, मधे नदी, मधे एक चौकोनी बुरूज, सोमवारी बाजार. इथं दोन-तीन रात्री. घाई नाही. पोतेसहून वीसेक किलोमीटरवर फुएन्ते दे, तिथं रस्ताच संपतो, समोर दगडाची अर्धगोल भिंत आणि त्या भिंतीवर जाणारा रोपवे. १९६६ पासून चालू आहे, एका दमात साडेसातशे मीटर वर नेतो, मधे एकही खांब नाही, चार मिनिटांत १८०० मीटरच्या वर. मे अखेरीला वर बर्फाचे पट्टे असतात. आई म्हणाली मी खाली बसते, तुम्ही जावा. मी काही बोलले नाही, तिथं गेल्यावर बघू, रायगडाच्या रोपवेला पण आधी असंच म्हणाली होती आणि सगळ्यात पुढं तीच उभी होती. ऑगस्टमध्ये इथं तासन्‌तास रांग लागते, मेमध्ये नसावी, तरी सकाळची वेळ ऑनलाइन बुक करणार. वारा जास्त असला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून पोतेसला एक दिवस मोकळा सोडलाय, रिकामा, त्यात काही घातलं नाही. माझं मत विचाराल तर डोंगरातल्या ट्रिपला असा एक रिकामा दिवस पाहिजेच.

आता खरी गंमत. पोतेसहून पुढं कान्गास दे ओनिसला, म्हणजे आमच्या पुढच्या मुक्कामाच्या गावाला, जायला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आलो तसंच घळीतून परत पानेस, आणि तिथून कारेस नदीच्या कडेनं आरेनास दे काब्रालेस करत. सोपा, दीड-पावणेदोन तास. हे काब्रालेस म्हणजे निळं चीज, डोंगरातल्या नैसर्गिक गुहांमध्ये ठेवून मुरवतात, वास असा की बहीण म्हणते हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस. दुसरा रस्ता डोंगराला मागनं वळसा घालतो. पोतेसहून एन-६२१ नंच वर चढत सान ग्लोरिओ खिंड, १६०९ मीटर, तिथून पलीकडं लेओनमध्ये उतरायचं, रिआन्यो नावाचं गाव, मग एन-६२५ धरून पोन्तोनची खिंड आणि बेयोसची घळ करत उत्तरेला खाली कान्गास. सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या दरम्यान, बाबांच्या हिशोबानं थांबे धरून अर्धा दिवस. ओल्या हिरव्या बाजूनं चढायचं, कोरड्या बाजूला फिरायचं आणि परत हिरव्यात उतरायचं, तो वर सांगितला तो पावसाचा हिशोब एका दिवसात डोळ्यानं दिसणार.

मी रिआन्योचे फोटो बघत होते, निळं पाणी आणि मागं सुळके, लोक त्याला स्पेनचे फ्योर्ड (डोंगरांत आत शिरलेली समुद्राची खाडी) वगैरे म्हणतात. बाबा शेजारी बसलेले, म्हणाले हे धरण आहे ना? कसं ओळखलं माहीत नाही, काठाची उघडी पट्टी बघून असेल. मग आम्ही वाचलं. धरण खरंच. जुनं रिआन्यो आणि आजूबाजूची गावं त्या पाण्याखाली आहेत. लोकांनी खूप विरोध केला होता, घरांच्या छपरांवर जाऊन बसले होते, १९८७ मध्ये घरं पाडली आणि त्या वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, दारं बंद करून पाणी अडवलं. आता जे रिआन्यो दिसतं ते वर नवीन वसवलेलं.

बाबांनी आयुष्यभर पुणे रोडला गाडी चालवली, उजनीच्या कडेकडेनं. उजनीचं पाणी आम्ही पितो, सगळं सोलापूर पितं. भिगवणच्या अलीकडं पळसदेवला पाणी उतरलं की जुनं देऊळ उन्हाळ्यात वर येतं, तिथं ते प्रवाशांना सांगायचे बघा म्हणून. त्यांच्या बरोबरचे एक कंडक्टर होते त्यांचं मूळ गाव त्या पाण्यात गेलं होतं, ते त्या टप्प्यात तिकिटं तपासायला मागं जायचे, खिडकीतनं बघायचे नाहीत, हे बाबांनी त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाले, ह्या रस्त्यानंच जायचं. फोटोसाठी नको, तिथं उतरून काठावर जरा उभं राहू.

तर रस्ता ठरला. फक्त एक अट, धुकं नको. सान ग्लोरिओला धुकं किंवा मोठा पाऊस असला तर दुसऱ्या दिवशी जाऊ, नाहीतर गपचूप पानेसवरून. निर्णय त्या सकाळी, हवामान बघून, आणि अंतिम शब्द बाबांचा. हे मी मनापासून लिहितेय, घाटात कुणाचा तरी एकाचाच शब्द चालला पाहिजे.

कान्गासला पण दोन-तीन रात्री. गावात नदीवर उंच कमानीचा दगडी पूल आहे, त्याला रोमन पूल म्हणतात पण आहे मध्ययुगातला, मधोमध क्रूस टांगलाय. जवळच कोव्हादोन्गा, तिथं आठव्या शतकात पेलायो नावाच्या सरदारानं मुस्लिम फौजेला हरवलं अशी त्यांची परंपरा, साल ७१८ किंवा ७२२ सांगतात. कड्याच्या पोटात गुहा, गुहेत देवी म्हणजे मेरी माता, खाली धबधब्याचं पाणी कुंडात पडतंय. आईनं फोटो बघून हात जोडले आणि विचारलं तिथं ओटी भरतात का. देवीला तिकडं प्रेमानं सान्तिना म्हणतात हे सांगितलं तर तिला ते आवडलं.

वर कोव्हादोन्गाची सरोवरं, एनोल आणि एर्सिना. हा भाग १९१८ मध्ये नॅशनल पार्क झाला, स्पेनमधला पहिला. रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा, चांगलाच उभा, सायकलच्या व्हुएल्ता शर्यतीत १९८३ पासून येतो. सीझनमध्ये आणि सुट्ट्यांच्या दिवशी खाजगी गाड्यांना दिवसा वर सोडत नाहीत, कान्गासहून बस सुटतात त्यानं जायचं. लोक यावर वैतागतात. आमच्याकडं उलटं, बाबांना बसच पाहिजे. पुढच्या सीटवर बसून त्या ड्रायव्हरचे हात बघायचेत म्हणाले.

खाण्याचं बोलू. आई शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही, म्हणजे बटाट्याचं तोर्तिया बाद. अस्तुरियासचा, म्हणजे ओविएदो ज्या प्रांतात आहे तिथला, फेमस पदार्थ फाबादा, मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बियांचं कालवण, पण त्यात डुकराचं मांस आणि सॉसेज. बिया मात्र बाजारात सुट्या मिळतात, आणि आई म्हणाली मला एक पातेलं आणि गॅस द्या, मी आमटी करते. म्हणून सगळीकडं किचनवाली घरं बघतोय. सोलापूरकरांना काय, कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेतली की जगात कुठंही जावा, दोन्ही टिकतं, दोन्ही चालतं. पण तूप, पेढे, चक्का असलं काही बॅगेत घालू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आईनं तुपाचा डबा काढून ठेवला तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. तिकडचं लोणी घेऊन कढवू म्हटलं. गोडात आर्रोस कोन लेचे, म्हणजे तांदळाची घट्ट खीर, लिंबाची साल आणि दालचिनी घालून, अस्तुरियासमध्ये वरून साखर जाळून कडक करतात. जेवायच्या वेळा मात्र फार उशिरा, दुपारी दोन नंतर, रात्री नऊ नंतर, आणि जूनच्या तोंडावर सूर्यच पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, लेकीला झोपवायचं कसं हा प्रश्न आहेच. रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद, शनिवारी भाजी भरून ठेवायची.

गाडीबद्दल थोडं. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायचं, एक वर्ष चालतं, पण मूळ लायसन्स बरोबर पाहिजेच. क्रेडिट कार्ड ज्याच्या नावावर गाडी त्याच्याच नावाचं, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. नवऱ्याला दुसरा ड्रायव्हर म्हणून लिहून घ्यायचं. लेकीची उंची १३५ सेंटिमीटरच्या आत आहे म्हणून तिला चाइल्ड सीट कायद्यानं लागते, मांडीवर घेणं वगैरे विसरा. हायवेला १२०, साध्या रस्त्याला ९०, गावात दोन्ही दिशांना एकेकच लेन असली तर ३०, जास्त लेन असल्या तर ५०, कॅमेरे असतात. आणि राउंडअबाउट! तिथं जो आत फिरतोय त्याला आधी जाऊ द्यायचं, सगळे थांबतात, खरंच थांबतात. सोलापुरात सात रस्ता चौकातून रोज गाडी काढणाऱ्या माणसानं हे मनात पक्कं बसवायला पाहिजे, आपण थांबायचं.

अजून एक. या सगळ्या पट्ट्यात सान्तियागो या तीर्थक्षेत्राला चालत जाणारे यात्रेकरू रस्त्याच्या कडेनं असतात, पाठीला पिशवी, पिशवीला शिंपला अडकवलेला, पिवळे बाण बघत चाललेले. आषाढीला पंढरपूर रोडला जशी गाडी हळू काढतो तशीच काढायची, बाबांनी हे न सांगता पण मला कळलं असतं, पण त्यांनी सांगितलं.

शेवटी ओविएदो. गावाबाहेर नारान्को टेकडीवर सान्ता मारिया देल नारान्को, नवव्या शतकातली इमारत, रामिरो पहिला या राजाचा महाल होता त्याचं नंतर चर्च झालं, दगडी, उंच, सरळ. संध्याकाळी गास्कोना गल्ली, तिथं सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू. ती ओतायची पद्धत बघण्यासारखी. वेटर बाटली डोक्याच्या वर हात ताठ करून धरतो, ग्लास खाली मांडीपाशी तिरका, धार सुतासारखी बारीक, ग्लासच्या काठाला आपटून फेस होतो, तळाला चार बोटं सुद्धा भरत नाही, तेवढं लगेच एका घोटात प्यायचं. त्याची नजर बाटलीकडं नसते, समोर असते. मी नवऱ्याला सांगितलंय तुझ्या त्या घोटाच्या आधी गाडी परत करून टाकू.

गाडी ओविएदोतच सोडायची. घेतली तिथं नाही सोडली तर जास्तीचे पैसे लागतात, आम्ही ते देणार, कारण परत बिल्बाओला यायचं म्हणजे एक दिवस वाया आणि तोही हायवेवर. ओविएदोहून माद्रिदला रेल्वे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पाहारेस डोंगराखालचा पंचवीस किलोमीटरच्या आसपासचा बोगदा सुरू झालाय, त्यामुळं माद्रिद तीन-सव्वातीन तासांवर आलंय. आणि माद्रिदहून मुंबईचं विमान, एका स्टॉपनं. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं घरी.

व्हिसाचे कागद चालू आहेत. शेंगेन व्हिसाला प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ९० युरो फी मोठ्यांना, तीस हजार युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, आई-बाबांच्या वयाला तो जरा महाग पडतोय, पण त्यात काटकसर करायची नाही. हॉटेलं सगळी कॅन्सल होणारी घेतलीत. एकच अडलंय, पोतेसमध्ये किचन असलेलं आणि तळमजल्यावरचं घर मिळत नाहीये, जी मिळतात ती सगळी तिसऱ्या मजल्यावर लाकडी जिन्याची. आईला तो जिना नको. कुणी त्या बाजूला म्हाताऱ्या माणसांना घेऊन राहून आलं असेल, अगदी पोतेसच्या बाहेर चार-पाच किलोमीटरवर का असेना, तर सांगा, गाडी आहेच.